वहीतील नोंद आणि उद्याची शक्यता

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के वारंवार जाणवू लागले. धुंदलवाडीचे नाव त्या काळात सर्वतोमुखी झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील सर्वांत मोठा सुमारे ४.१ तीव्रतेचा होता. अशा परिसरात दुकान चालविणाऱ्यापुढे रोजचा प्रश्न असतो : उद्या धक्का बसण्याची शक्यता किती?

संख्याशास्त्राचे पहिले उत्तर व्यापाऱ्यास परिचित वाटेल. घटना जितक्या वेळा घडली, त्या संख्येस एकूण निरीक्षणांच्या संख्येने भागावे. समजा, एका किराणा दुकानदाराने ६० दिवस नोंद ठेवली आणि त्यांपैकी ९ दिवशी धक्का जाणवला. तर एका दिवसाची अंदाजित शक्यता ९ भागिले ६०, म्हणजे शेकडा १५. येथे शांत गेलेल्या ५१ दिवसांची नोंदही तितकीच आवश्यक आहे. केवळ एक बाजू लिहून ताळेबंद जुळत नाही.

शेजारच्या गावातील दुकानदाराच्या वहीत त्याच ६० दिवसांत एकही धक्का नसेल, तर भागाकार शून्य येतो. परंतु शून्य शक्यता म्हणजे अशक्य, आणि साठ दिवसांच्या वहीला तसा दावा करता येत नाही. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नियमाप्रमाणे अंशात एक व छेदात दोन मिळवावेत : १ भागिले ६२, म्हणजे शेकडा सुमारे १.६. शक्यता अल्प, परंतु शून्य नव्हे.

या अंदाजालाही मर्यादा आहेत. डहाणूचे धक्के झुंडीने येतात. म्हणून अशांत आठवड्यात शक्यता सरासरीहून अधिक असते. तसेच लहान धक्क्यांच्या मोजणीवरून मोठ्या धक्क्याचा अंदाज बांधता येत नाही. विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे सांगण्याचा आग्रह स्याद्वाद धरतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली स्याद्वादाचा संख्याशास्त्राच्या पायाशी असलेला संबंध मांडला, तो याच दृष्टीने उद्बोधक आहे.

शक्यता अल्प असली तरी हानी मोठी असू शकते. म्हणून जड डबे व काचेच्या बरण्या खालच्या फळीवर ठेवाव्यात, पोत्यांच्या थप्पीलगत कोणासही झोपू देऊ नये आणि विम्यात भूकंपाचा समावेश आहे की नाही, हे आजच तपासावे.