तळीरामाचे मंडळ आणि उसाची मळी
कोल्हारजवळच, प्रवरानगरला, 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखरेमागून मळी येते, मळीमागून मद्यार्क. आमच्या साहित्याने या आसवनीकडे मात्र पाठच फिरवली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर बुडतो, सिंधू होरपळते, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हसवते, प्याला भरतो कोण, हे विचारले जात नाही. (वर्गात विद्यार्थीही विचारत नाहीत!) पुढे शतकभर व्यसनी माणूस पुष्कळ रंगवला गेला, मद्यावरील शुल्क मोजणारे सरकार आणि मळीच्या उत्पन्नातून उसाला भाव मागणारा शेतकरी कथेबाहेरच राहिले. गावोगावी स्त्रिया मतदानाने बाटली आडवी करतात. त्यांतल्या कित्येकींच्या घरचा ऊस कारखान्यालाच जातो. सिंधूहून ही बाई अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्यावरची कादंबरी मी अद्याप वाचलेली नाही.