डब्यातला खाखरा, पेटीतला फोटो

मोठ्या आनंदाची नोंद आपोआप होते. लग्नपत्रिका जपून ठेवली जाते, नव्या पेढीच्या मुहूर्ताचे छायाचित्र भिंतीवर लागते, सोन्याची खरेदी पावतीसह तिजोरीत जाते. लहान सुखांना असे स्थान मिळत नाही. दुपारी कुरकुरीत मेथीचा खाखरा, उन्हाळ्यात पापड लाटताना हळूच तोंडात टाकलेली तेलातली लाटी, माहेरहून आलेल्या डब्याच्या तळाशी सापडलेली चिठ्ठी, कपाट आवरताना अवचित हाती लागलेला जुना फोटो, ही सुखे येतात तशी निघून जातात. तरीही घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला विचारले, तर त्याला आधी आठवते ते हेच.

व्यापारी कुटुंबाच्या दिवसात अशा सुखाची एक ठरलेली वेळ असते. बाजारपेठेतील कित्येक पेढ्यांवर चौविहार पाळणाऱ्यांचा संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वी घरून येतो. गिऱ्हाइकांची वर्दळ चालूच असते, फोन वाजत असतो. तरी गल्ला पुतण्याच्या हाती देऊन दोघे भाऊ मागच्या खोलीत बसतात. थेपले, सुकी भाजी, छुंदा. त्यातील दोन थेपले मुनीमजींसाठी मोजून जास्तीचे घातलेले. दिवसभर भाव, उधारी आणि तगादा यांपलीकडे ज्यांच्यात शब्द झालेला नसतो, ते त्या दहा मिनिटांत मुलांच्या परीक्षेविषयी आणि आईच्या गुडघेदुखीविषयी बोलतात. त्या डब्याची किंमत वहीत कोठेच लिहिलेली नसते. डबा बंद झाला की मात्र त्याची उणीव सर्वांना जाणवते.

जैन गृहस्थाच्या परंपरेने अशा सुखांकडे तुच्छतेने पाहिलेले नाही. तिने त्यांचा हिशेब ठेवायला शिकविले. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतील भेद स्पष्ट केलेला आहे. एकदा घेतले की संपते तो भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे वस्त्र. दोन्हींना स्वतःच्या इच्छेने मर्यादा घालणे हे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी एक व्रत आहे. श्वेतांबर परंपरेत रोज धारण केल्या जाणाऱ्या चौदा नियमांत तर दिवसभरात किती द्रव्ये, म्हणजे किती प्रकारचे पदार्थ, घ्यायचे याचीही संख्या ठरविली जाते. ज्याने आज आठच द्रव्ये धारली आहेत, तो आठवे द्रव्य कोणते घ्यावे याचा विचार करतो आणि मग ते चवीने, सावकाश खातो. मर्यादेमुळे त्या घासाकडे लक्ष जाते.

खाखऱ्याच्या डब्यालाही तिथी असते. पातळ लाटलेली पोळी मंद आचेवर दाबून दाबून शेकावी, तिच्यातील पाण्याचा अंश निघून जावा, म्हणजे ती टिकते. पण टिकते म्हणून ती कितीही दिवस ठेवायची नसते. पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस, ही काळमर्यादा अनेक घरांतील स्त्रियांना तोंडपाठ असते. हवेतील दमटपणा वाढला की पदार्थ लवकर बिघडतो, हे त्यामागील व्यवहारज्ञान होय. त्यामुळे डबा कधी साचत नाही. तो भरतो, रिकामा होतो आणि पुन्हा भरतो.

लहान सुखाचे मोल सर्वांत अधिक कळते ते पारण्याच्या दिवशी. अठाई पूर्ण केलेल्या मुलीच्या हाती मुगाच्या कोमट पाण्याची वाटी येते, तेव्हा घरातील सारी माणसे तिच्या पहिल्या घोटाकडे पाहत असतात. भगवान ऋषभदेवांचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांच्या हातून उसाच्या रसाने झाले. अक्षय तृतीयेला वर्षीतपाची पारणी आजही त्याच रसाने होतात. एका साध्या पेयाची आठवण परंपरेने एवढ्या निष्ठेने सांभाळली आहे.

अन्नाला काळमर्यादा आहे. फोटोंना आणि ठेवणीतल्या वस्तूंना मात्र अशी मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. पूर्वी ती आपोआप पडत असे. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. परंतु तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला फोटो काढणे हा पुढे कित्येक दशके खर्चाचा आणि समारंभाचा प्रसंग होता. स्टुडिओत जायचे, आजोबांनी फेटा नीट करायचा, लहानग्याला हलू नको म्हणून दटावायचे आणि एक फोटो घेऊन परतायचे. आज ताट समोर आले की आधी मोबाईल पुढे होतो. बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेल्या पावभाजीचेही चार फोटो निघतात आणि तोवर पाव गार होतो. अशा हजारो फोटोंतून हवा तो फोटो शोधायला कोणी बसत नाही.

याचा खरा फटका बसतो तो वाटणीच्या किंवा घर बदलण्याच्या वेळी. दुकानावरचे जुने घर सोडून सदनिकेत जायचे ठरते. सोने तोलले जाते, भांडी मोजली जातात, दागिन्यांच्या चिठ्ठ्या पडतात. मग माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरते. तिच्यात लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या दोन वह्या, खाखरे दाबण्याचा झिजलेला लाकडी दट्ट्या आणि पिवळे पडलेले फोटो असतात. सून विचारते, ‘‘आजी, या कोण?’’ आजी डोळे बारीक करून पाहतात. चार चेहरे ओळखतात, पाचव्यापाशी थांबतात. आजीही नसत्या, तर पाचही चेहरे अनोळखी ठरले असते आणि पेटी रद्दीवाल्याकडे गेली असती. त्यात कोणाचाही दोष नाही. नाव नसलेला फोटो पुढच्या पिढीला केवळ कागद वाटतो.

मग वस्तू जपणे हा परिग्रह नव्हे काय, असा प्रश्न धर्मनिष्ठ घरात हमखास निघतो. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. दट्ट्या कोणाकडे राहील यावरून दोन जावांनी बोलणे टाकले, तर तो हातभर लाकडाचा तुकडाही परिग्रहच ठरतो. त्याच दट्ट्याने थोरलीने खाखरे शेकून अर्धे धाकटीच्या घरी पाठविले, तर वस्तू एकीकडे राहूनही दोघींची होते.

म्हणून पेटीलाही डब्यासारखी शिस्त लावता येते. दिवाळीच्या आवराआवरीत एक दुपार त्यासाठी ठेवावी. प्रत्येक पूर्वजाच्या दोन-तीन वस्तू निवडाव्यात. बाकीच्या ज्यांना उपयोगी पडतील त्यांना द्याव्यात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये. त्याची खूण पुढच्या बाजूस उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, नाते आणि गाव लिहावे. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधील फोटो जपून बाहेर काढावेत, कारण तो गोंद कालांतराने कागदाला धरतो. जो फोटो सुटत नाही तो ओढू नये, पानासह ठेवावा. पावसाळ्यात फोटो बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत. मोबाईलमधील वर्षभराच्या फोटोंतून बारा निवडून छापून घ्यावेत. बारा ही संख्या लहान वाटेल. पण निवडायला बसले की त्या निमित्ताने सारे वर्ष कुटुंबाच्या बोलण्यात येते.

त्या दुपारी ताटलीत खाखरे असावेत, वर थोडे तूप आणि जिरावण. फोटो हाताळण्यापूर्वी हात तेवढे पुसावेत. घाई करू नये. आजी एखाद्या चेहऱ्यापाशी थांबल्या, तर थांबू द्यावे, कारण तेथे बहुधा एक गोष्ट असते. नाव लिहायला पेन्सिलीचा तुकडा पुरतो. ते सांगणारे माणूस घरात आहे तोवर ते लिहून घ्यावे.