दृष्टी बदला म्हणे! पण कोणाची दृष्टी?

‘दृष्टी बदला, सृष्टी बदलेल.’ हे वाक्य आजकाल रिक्षाच्या मागे दिसते, शाळेच्या भिंतीवर दिसते, सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या फुलासोबत येते. हजारो रुपये तिकीट लावून व्याख्याने देणारे प्रेरणादायी वक्ते हेच सांगतात आणि सत्संगात बसलेले बाबा-महाराजही हेच सांगतात. मनुष्यजन्माचे प्रयोजन काय, जगण्याला अर्थ काय, असे कोणी विचारले की उत्तर तयार असते. सगळे तुमच्या बघण्यावर आहे, दुःख बाहेर नाही, तुमच्या मनात आहे. मन बदला, समाधान मिळेल.

मित्रांनो, यात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. मनाचे महत्त्व तथागत बुद्धांनी जितके सांगितले तितके या देशात क्वचितच कोणी सांगितले असेल. पण बुद्धांचा उपदेश आणि हे भिंतीवरचे वाक्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो समजून घ्यायचा तर एक साधा प्रश्न विचारावा लागतो. कोणाची दृष्टी बदलायची? ज्याला लाथ बसते त्याची, की जो लाथ मारतो त्याची?

डोळा पाहतो की संस्कार पाहतो?

बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्यातले काही प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवले आहेत. त्यातला पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडील सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी लहानगा भीमराव आपल्या भाऊ-भाचरांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. मुलांच्या अंगावर चांगले कपडे होते, बोलणे नीटनेटके होते. घ्यायला कोणी आले नाही म्हणून स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली. ही ब्राह्मणांची मुले आहेत अशी त्याची समजूत झाली होती. मुलांनी ‘आम्ही महार आहोत’ असे सांगितले आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला. तो तिथून निघून गेला. पुढे बैलगाडीवालेही न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार, असे ठरले.

आता विचार करा. एका शब्दाच्या अलीकडे आणि पलीकडे काय बदलले? मुले तीच, कपडे तेच, भाषा तीच, भूकही तीच. मुलांमध्ये तिळमात्र फरक पडला नव्हता. स्टेशन मास्तरच्या डोळ्यांतही काही बिघाड झाला नव्हता. बदलली ती त्याच्या मनातली ओळख.

बुद्धांनी माणसाचे विश्लेषण पाच स्कंधांत केले. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. संज्ञा म्हणजे समोरच्या वस्तूला ‘हे अमुक आहे’ असे ओळखणे. पण ही ओळख कोऱ्या पाटीवर उमटत नाही. आधीचे संस्कार तिला रंग देतात. आपण पाहतो म्हणतो तेव्हा डोळ्यांबरोबर आपले घर, आपली पोथी, आपली जात हे सारे पाहत असते. मसूरच्या स्टेशनवर त्या मुलांकडे एक माणूस पाहत नव्हता, त्याच्या आडून हजारो वर्षांची धर्मशास्त्रे पाहत होती.

पाणी तेच होते

दुसरे उदाहरण प्रत्येक आंबेडकरी माणसाला पाठ आहे, पण या अंगाने त्याच्याकडे फार कमी पाहिले जाते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मंजूर करून घेतला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर सारे झाले होते. तरीही अस्पृश्य तिथे पाणी पिऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने त्या पाण्याची ओंजळ घेतली. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? तळे ‘बाटले’ म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केले!

कोणत्याही प्रयोगशाळेत नेऊन विचारा, पाणी माणसाच्या ओंजळीने खराब होते की शेणाने? शाळकरी पोरही उत्तर देईल. पण गावातल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांना हे दिसत नव्हते. शेण ओतलेले पाणी त्यांना निर्मळ दिसत होते आणि माणसाने प्यालेले पाणी घाण दिसत होते. दृष्टी किती आजारी होऊ शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? हे तळे सर्वांचेच आहे हे न्यायालयातून पक्के व्हायला मार्च १९३७ उजाडला. म्हणजे ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

आता भिंतीवरचे ते वाक्य महाडच्या अस्पृश्यांना सांगून पाहा. ‘बाबांनो, दृष्टी बदला. तहान तुमच्या मनात आहे.’ सांगण्याची हिंमत होईल?

जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची एक अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात स्पष्ट मांडले. म्हणजे दृष्टी बदलली पाहिजे हे त्यांनाही मान्य होते. पण ते तिथे थांबले नाहीत. ही दृष्टी येते कुठून, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर धर्मनिष्ठ आहेत म्हणून, आणि तो धर्म त्यांना शास्त्रे शिकवतात. म्हणून घाव त्या शास्त्रांच्या पावित्र्यावर घातला पाहिजे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्येच मनुस्मृती का जाळली गेली, याचे उत्तर इथे आहे.

प्रयोजन ठरवणारे तुम्ही कोण?

पाहण्याचा हा रोग फक्त स्पर्श-अस्पर्शापुरता नाही. समोरचा माणूस कशासाठी जन्मला, हेही तो ठरवून टाकतो. चातुर्वर्ण्य म्हणजे दुसरे काय आहे? मूल जन्माला येण्याआधीच त्याच्या जगण्याचे प्रयोजन लिहून ठेवायचे. याने वेद म्हणायचे, त्याने तलवार धरायची, तिसऱ्याने व्यापार करायचा आणि चौथ्याने या तिघांची सेवा करायची. पाचव्याला तर गावाबाहेरच ठेवायचे. परक्याचा धर्म कितीही चांगला असला तरी आपला स्वधर्मच बरा, असे गीता सांगते. मग झाडू मारणाऱ्याच्या मुलाने पुस्तक हातात घेतले की तो अधर्म ठरतो.

इथे बाबासाहेबांनी गुलामीची जी व्याख्या वापरली ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गुलामी म्हणजे फक्त कायद्याने विकत घेतलेला माणूस नव्हे. ज्या समाजात काही माणसांना आपल्या वागण्याची उद्दिष्टे दुसऱ्यांकडून निमूट स्वीकारावी लागतात, तो समाज गुलामीचा. हा विचार मूळ प्लेटोचा. कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई यांनी तो आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात मांडला आणि बाबासाहेबांनी तो भारतातल्या जातिव्यवस्थेला लावला. या एका व्याख्येने ‘जीवनाचा अर्थ’ हा विषय आश्रमातून उचलून चव्हाट्यावर आणला. माझ्या जगण्याचे प्रयोजन मी ठरवणार की तुम्ही? हा प्रश्न अध्यात्माचा नाही, स्वातंत्र्याचा आहे.

दुसऱ्याच्या गळ्यात प्रयोजन बांधण्याचे सर्वात गोड रूप म्हणजे उदात्तीकरण. १९३६ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात ‘आदर्श भंगी’ या नावाचा लेख लिहून सफाईच्या कामाची थोरवी गायली. हेतू चांगला होता असे आपण धरून चालू. पण बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात याचा खरपूस समाचार घेतला. जे काम माथी मारले आहे तेच आपल्या जीवनाचे स्वखुशीचे ध्येय आहे असे त्या माणसाला पटवणे, ही असहाय माणसाची क्रूर थट्टा आहे, असा त्यांचा आशय होता. मैला उचलणे इतके पवित्र असेल तर ते पुण्य एकाच जातीच्या वाट्याला का? हे पुण्य लुटायला इतरांची रांग का लागत नाही?

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. कायदे आहेत, निकाल आहेत आणि माणसे तरीही गटारात गुदमरून मरत आहेत. त्यांची जात कोणती असते हे सांगायला हवे का? वरून रस्त्याने जाणाऱ्याला खाली उतरलेला माणूस दिसतच नाही. त्याला फक्त उघडे झाकण दिसते आणि वाहतुकीचा खोळंबा दिसतो.

‘पण दुःख तर सर्वांनाच आहे’

इथे एक आक्षेप हमखास येतो. ‘तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. मृत्यू, एकटेपणा, जगण्यातला रितेपणा हे प्रश्न श्रीमंतालाही आहेत, सवर्णालाही आहेत. स्वतः बुद्ध राजपुत्र होते.’

आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. होय, हे प्रश्न सर्वांचे आहेत. दलिताची आईही मरते, त्यालाही रात्री झोप लागत नाही, त्यालाही ‘हे सगळे कशासाठी?’ असे वाटते. पण हा प्रश्न निवांत बसून विचारायची मोकळीक सर्वांना सारखी मिळालेली नाही. आणि माणसाचे सगळे दुःख निसर्गाने दिलेले नाही. म्हातारपण निसर्ग देतो, पाणवठाबंदी माणूस देतो. दोन्हींना एकाच ‘दुःख’ या शब्दात गुंडाळले की दुसऱ्याचा गुन्हेगार सुटतो.

बुद्धांच्या गृहत्यागाबद्दलही बाबासाहेबांनी असाच नेमका प्रश्न विचारला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा आपण ऐकत आलो. पण २९ वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटते का? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात त्यांनी वेगळा प्रसंग पुढे ठेवला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात वाद पेटला. शाक्य संघाने युद्धाचा निर्णय घेतला, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या स्वीकारली. म्हणजे प्रयोजनाचा शोध सुरू झाला तो पाण्याच्या भांडणातून, माणसामाणसांतल्या संघर्षातून. त्याच ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांतला फरक सांगितला. धर्माला जगाची उत्पत्ती सांगायची असते, धम्माला जगाची पुनर्रचना करायची असते. विश्व कोणी निर्माण केले याचा काथ्याकूट करण्यापेक्षा शेजाऱ्याशी कसे वागायचे हे ठरवा, असा हा मार्ग आहे.

आता आपल्याकडे पाहू

हा लेख इथे संपवला तर आपण खूश होऊ, कारण सगळा दोष समोरच्याचा ठरला. पण प्रज्ञा म्हणजे आपल्या डोळ्यांतलेही कुसळ पाहणे. बौद्ध वस्तीतला माणूस मातंगाकडे, मेहतराकडे कसा पाहतो? पोटजातीबाहेर मुलगी द्यायची वेळ आली की बावीस प्रतिज्ञा कुठे जातात? विहारात खुर्च्या मांडायला आणि खीर करायला महिला, आणि मंचावर हार घालून घ्यायला पुरुष, हे प्रयोजन कोणत्या ग्रंथाने ठरवले? आणि आरक्षणातून नोकरी, नोकरीतून फ्लॅट, फ्लॅटमधून ‘आता जातीबितीचे काही राहिले नाही’ असे म्हणणाऱ्या भावाची दृष्टी कोणी बदलली? त्यानेही आपल्या जगण्याचे उद्दिष्ट दुसऱ्याकडूनच उसने घेतले आहे. फक्त मनूऐवजी बाजाराकडून.

आणि शेवटी एक गोष्ट, विशेषतः शिकणाऱ्या मुला-मुलींसाठी. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. माणसाची किंमत त्याच्या ओळखीपुरती, एका मतापुरती, एका आकड्यापुरती उरली आहे आणि त्याच्याकडे एक बुद्धी म्हणून कोणी पाहत नाही, ही वेदना त्याने मागे ठेवलेल्या पत्रात होती. हा लेख ज्या रोगाबद्दल आहे, तोच तो रोग. पण त्यावर उत्तर म्हणून आपल्याला आणखी एकही रोहित गमवायचा नाही. वर्गात कोणी तुम्हाला ‘कोट्यातला’ म्हणून पाहत असेल तर तो त्याच्या नजरेचा आजार आहे, तुमच्या जगण्याचा निकाल नाही. तक्रार करा, मित्रांना सांगा, घरी सांगा, संघटनेकडे या. एकटे राहू नका. आणि आपण मोठ्यांनीही अशा वेळी ‘सहन कर, अभ्यासात लक्ष दे’ एवढेच सांगून मोकळे होऊ नये. तेही त्याच भिंतीवरच्या वाक्याचे भावंड आहे.

तेव्हा दृष्टी जरूर बदलू. पण ती बदलायची म्हणजे डोळे मिटून समाधान मानायचे नाही, डोळे उघडून कारण शोधायचे. आपल्या जगण्याचा अर्थ पोथीत, पत्रिकेत किंवा कुणा महाराजाच्या चरणाशी लिहून ठेवलेला नाही. तो आपण ठरवायचा, आणि तो ठरवण्याचा तोच हक्क आपल्या पोरीला, सुनेला, गल्ली झाडणाऱ्या ताईला आणि आपल्यापेक्षा खालची समजल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आहे की नाही, हे रोज तपासायचे. त्या हक्कासाठी लढताना जे आयुष्य खर्ची पडेल, त्याला प्रयोजन नाही असे कोण म्हणेल?

जय भीम! नमो बुद्धाय!