इन्कम टॅक्स रिफंड आला नाही? आधी तो कुठे अडकलाय ते शोधा

रिटर्न भरून महिने उलटले, ऑफिसमधल्या इतरांच्या खात्यात पैसे जमा झाले आणि तुमच्या रिफंडचा मात्र पत्ता नाही. अशा वेळी अनेक जण आयकर विभागाला टॅग करून एक पोस्ट टाकतात आणि वाट बघत बसतात. पण रिफंड वेगवेगळ्या टप्प्यांवर अडकतो. काही टप्प्यांवर थांबण्याशिवाय पर्याय नसतो, तर काही ठिकाणी नुसतं थांबलात तर पैसे हातचे जाऊ शकतात.

विभागाकडे किती वेळ असतो?

रिटर्नवरची प्रक्रिया बंगळुरूच्या सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटरमध्ये, म्हणजेच सीपीसीमध्ये होते. अनेकांचा रिफंड काही आठवड्यांत येतो. पण ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत कायदा विभागाला देतो. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे.

तुमचं रिटर्न कुठे थांबलंय?

ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून 'व्ह्यू फाइल्ड रिटर्न्स' उघडा. तिथलं स्टेटस सगळ्यात महत्त्वाचं.

व्हेरिफिकेशन बाकी: रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करावं लागतं. ते केलं नसेल, तर सीपीसीच्या लेखी तुमचं रिटर्न आलेलंच नाही.

डिफेक्टिव्ह रिटर्न: कलम १३९(९) ची नोटीस आली असेल तर साधारण १५ दिवसांत चूक दुरुस्त करावी लागते. उत्तर दिलं नाही तर रिटर्न अवैध ठरू शकतं.

जुनी थकबाकी: मागच्या एखाद्या वर्षाचा कर बाकी दिसत असेल, तर विभाग कलम २४५ नुसार तो रिफंडमधून वळता करू शकतो. त्याआधी तुम्हाला कळवलं जातं आणि उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. ही थकबाकी मान्य नसेल तर 'पेंडिंग अॅक्शन्स'मध्ये जाऊन कारणासह असहमती नोंदवा. गप्प राहिलात तर रक्कम कापली जाऊ शकते. कर आधीच भरला असेल तर चलनाचा तपशील जोडा.

रिफंड फेल्ड: इथे विभागाने पैसे पाठवलेत, पण ते तुमच्या खात्यात पोहोचले नाहीत. खातं बंद झालंय, बँकेच्या विलीनीकरणामुळे आयएफएससी कोड बदललाय किंवा पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही, अशी कारणं असतात. खातं व्हॅलिडेट करा आणि 'सर्व्हिसेस'मधून 'रिफंड रीइश्यू'ची विनंती टाका.

पॅन आणि आधार लिंक आहे का, हेही तपासा. लिंक नसल्यामुळे पॅन निष्क्रिय झालं असेल तर रिफंड मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही मिळत नाही.

उशिराबद्दल व्याज मिळतं का?

मिळतं. कलम २४४ए नुसार दरमहा अर्धा टक्का. रिटर्न मुदतीत भरलं असेल, तर टीडीएस किंवा अॅडव्हान्स टॅक्सच्या रिफंडवर ते असेसमेंट वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. २० हजारांच्या रिफंडवर महिन्याला १०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे एक हजार. मात्र रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज नाही. उशीर तुमच्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ वगळतात. आणि हो, या व्याजावरही कर लागतो, त्यामुळे पुढच्या रिटर्नमध्ये ते दाखवा.

तक्रार कुठे करायची?

स्टेटस 'अंडर प्रोसेसिंग' असेल आणि तुमच्याकडून काहीच बाकी नसेल, तर पोर्टलवरच्या 'ग्रीव्हन्सेस'मध्ये तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. हेल्पलाइन आहे १८०० १०३ ००२५. तिथून काही हललं नाही, तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जाता येतं.

सोशल मीडियावर तक्रार करताना पॅन, आधार किंवा खाते क्रमांक दिसणारा स्क्रीनशॉट टाकू नका. 'तुमचा रिफंड मंजूर झालाय, लिंकवर क्लिक करा' असे मेसेज पाठवणारे अशाच पोस्ट शोधत असतात. रिफंड थेट व्हॅलिडेट केलेल्या खात्यात येतो. त्यासाठी विभाग कधीही पिन, ओटीपी किंवा कार्डचा तपशील मागत नाही.

म्हणून आजच लॉगिन करून 'पेंडिंग अॅक्शन्स' आणि नोंदवलेला ईमेल, अगदी स्पॅम फोल्डरसह, तपासा. सीपीसीची नोटीस तिथे येऊन पडलेली असेल, तर उत्तराचे १५ किंवा २१ दिवस कदाचित सुरूही झाले असतील.