जुन्या फियाटचा जीर्णोद्धार आणि त्याची जाहीर नोंद

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डी ही गाडी बाहेर पडू लागली. पुढे तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी. नावे बदलली, तरी 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि पत्र्याचा मूळ घाट नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ तोच राहिला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी तेथील रस्त्यावरून कायमची गेली. आता उरल्या त्या खासगी गाड्या. त्यांतल्या अनेक पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात आवरणाखाली उभ्या आहेत आणि त्यांचे मालक किंवा मालकांची मुले परदेशात आहेत. अशी गाडी पुन्हा चालती करायला घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून कामाची नोंद ठेवली पाहिजे आणि ती सर्वांना पाहता येईल अशी मांडली पाहिजे. हा भाग हौसेवर सोडण्यासारखा नाही.

ब्रिटनमधील एमजीबी या जुन्या गाडीशी तुलना केली की याचे कारण कळते. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. 1988 पासून तिचा संपूर्ण नवा सांगाडा विकत मिळतो आणि सुट्या भागांच्या सूची छापील आहेत. एमजीबीच्या मालकाला अडले तर पुस्तक उघडता येते. फियाटच्या मालकाला मिस्त्रीकडे जावे लागते. तिचे ज्ञान टॅक्सी सांभाळणाऱ्या गॅरेजांमधून हातोहात टिकले आणि कागदावर फारच थोडे उतरले. टॅक्सी गेल्यामुळे त्या हातांना रोजचे कामही उरले नाही. म्हणूनच आज होणाऱ्या प्रत्येक जीर्णोद्धाराच्या नोंदीचे मोल गाडीइतकेच आहे.

कामाची सुरुवात कागदपत्रांपासून करावी. आरसी बुकातील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी जुळतात का, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे, कारण इंजिन बदलून त्याची नोंदच न केलेल्या गाड्या सापडतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. ती खंडित असेल तर आधी आरटीओची वाट मोकळी करावी.

मग पत्रा. वेळ आणि पैसा सर्वांत जास्त इथेच जातो आणि चुकाही इथेच होतात. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ, खांब, छप्पर आणि दारांखालचे पोकळ पत्र्याचे भाग मिळून तिचा सांगाडा बनतो. त्यामुळे दाराखाली लागलेला गंज दिसण्यापुरता नसतो, तो गाडीच्या बळावरच येतो. रबरी मॅटखालचा तळ, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीतील स्टेपनीची जागा आधी तपासावी. चकचकीत रंगाखाली लांबी किती भरली आहे, हे साधे लोहचुंबक सांगते. जाड लांबीवर ते धरत नाही. दाराखालचा कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करून आधार द्यावा लागतो. तो न दिल्यास सांगाडा किंचित झुकतो आणि नवा पत्रा बसल्यावर दारे लागत नाहीत. हा आधार कुठे दिला, फटी आधी किती होत्या आणि नंतर किती राहिल्या, याचे मापांसह छायाचित्र दुसऱ्या कुणाचा सांगाडा वाचवू शकते. सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्याआधी, काढताना आणि काढल्यावर टिपावा. वर्षभराने जोडणी करताना स्मरणशक्ती दगा देते.

इंजिन त्या मानाने सरळ आहे. मूळ बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75 मिलिमीटर. आजवर किती वेळा रीबोअर झाले, हे मोजून लिहून ठेवले की पिस्टन कोणते आणायचे ते ठरते. खरा प्रश्न इंधनाचा आहे. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे आणि भारतात फेब्रुवारी 2000 पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. हेड उघडलेच असेल तर व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवाव्यात. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, भारतात वीस टक्क्यांपर्यंत, तर ब्रिटनमध्ये 2021 पासून दहा टक्क्यांपर्यंत. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होतात. गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले तर गाडी पेटते. म्हणून हे भाग बदलण्यात काटकसर करू नये.

मूळ रूप किती जपायचे यावर हौशी लोकांत मतभेद आहेत. नवे इंजिन, डिस्क ब्रेक आणि रुंद चाके घातली की गाडी आजच्या वाहतुकीत सोपी जाते, हे खरे. पण भारतीय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, तीही मूळ रूप राखले असेल तरच. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये मंजूर केलेली टुरिन सनदही हेच सांगते. हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि जे केले त्याची नोंद असावी. सुरक्षिततेसाठी सीटबेल्ट लावणे योग्यच आहे. तो कधी आणि कुठे लावला हे लिहिलेले असले की पुढच्या मालकाची फसगत होत नाही.

जाहीर नोंदीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की तिने काम लांबते आणि बघ्यांसाठी दिखाऊ कामाला आधी हात घातला जातो. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे रंगाच्या चकाकीइतकीच बिघडलेली वेल्डिंगही दाखवणे आणि खर्चाचे आकडे न लपवणे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे. नंबरप्लेट, चासी नंबर आणि गाडी उभी असते ती जागा दाखवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरते. मिस्त्रीचे नाव त्याला विचारून द्यावे, मात्र त्याने सांगितलेली युक्ती त्याच्याच शब्दांत नोंदवावी. ही नोंद मराठीतही हवी. तसे केले तर गॅरेजमधला माणूस ती स्वतः वाचून चूक दाखवू शकेल.

मूळ रंग, बंपर, आतील कापड, मागचे दिवे कसे होते याचे उत्तम पुरावे घराघरांतल्या अल्बममध्ये आहेत. लग्न, मुंज, नव्या गाडीची पूजा अशा प्रसंगांची तारीख ठाऊक असते, त्यामुळे मागे उभ्या असलेल्या फियाटचे वर्षही कळते. परदेशातील वाचकांनी पुढच्या भारतभेटीत आईवडिलांच्या कपाटातील असे फोटो, गाडीचे मूळ बिल आणि माहितीपुस्तिका शोधून स्कॅन कराव्यात आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या हाती द्याव्यात.