खेळाडू मुलीचे ताट आणि आपले प्रमाणपत्र

आपल्या ग्वाल्हेरात १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. २००६ मध्ये राज्याची महिला हॉकी अकादमीही येथेच सुरू झाली. मैदानावर उतरणाऱ्या मुली तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे येतात. आपण नाडी, रक्तदाब, वजन आणि फार तर हिमोग्लोबिन पाहतो. तिच्या ताटाची चौकशी मात्र क्वचितच होते. ही उणीव दूर व्हावी, असे माझे मत आहे.

व्यायामाने स्नायूंत होणारा दाह अल्पकालीन व उपकारक असतो. त्यातूनच स्नायू बळकट होतात. चिंता आहे ती सतत धुमसणाऱ्या सौम्य दाहाची. मैदा, साखर व तळणाचा भरणा आणि भाज्या, फळे, डाळी यांची वानवा असलेल्या आहाराशी त्याचा संबंध आढळला आहे. मात्र बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. खेळाडूचा दमसास केवळ आहारजन्य दाहानेच घटतो, असा निष्कर्ष त्यांतून निघत नाही.

मुलींच्या बाबतीत लोहाचा दुवा अधिक स्पष्ट आहे. कठोर व्यायामानंतर इंटरल्युकिन-६ वाढते, त्यामुळे यकृतातील हेपसिडिन वाढते आणि काही तास आतड्यातील लोहशोषण मंदावते. त्यात मासिक रक्तस्रावाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयी आहेत. शिवाय दाह असताना फेरिटिन वाढते व लोहाची कमतरता झाकली जाते. म्हणून फेरिटिनचा अर्थ सीआरपीसह लावणे इष्ट.

याहून मोठा धोका अपुऱ्या आहाराचा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जान्यूनतेकडे लक्ष वेधले. पाळी थांबणे हे कसून सरावाचे लक्षण नव्हे. तो उपासमारीचा इशारा असू शकतो. अशा मुलीला महागड्या ‘दाहशामक’ भुकट्या सुचविणे हा उपाय नव्हे. तिला पोटभर वरण-भात, भाकरी, उसळ, पालेभाजी, दूध, जवसाची चटणी, शेंगदाणे-गूळ आणि चालत असल्यास अंडी हवीत. जेवणासोबत चहा नको, लिंबू असावे.

तेव्हा प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सरावाआधी व नंतर काय खाल्ले? पाळी नियमित आहे ना? थकवा विश्रांतीने जातो का? या प्रश्नांना खर्च नाही. परंतु ते न विचारल्याची किंमत त्या मुलीची हाडे आणि तिचा खेळ मोजतो.