दुःखाच्या घरचा नाताळ

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती माणसावर एक सक्ती येते : खूश दिसण्याची. गेटवरचा वॉचमन विचारतो, "मॅडम, यंदा केक कधी?" ऑफिसात कुणीतरी लाल टोपी आणून डोक्यावर ठेवतं. ही सगळी प्रेमाचीच माणसं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या घरातलं माणूस पावसाळ्यात गेलं, त्या घराने या टोपीचं काय करायचं?

मी मूळची नगरकडची. आमच्याकडे केक नंतर, आधी फराळ. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, चिवडा, सगळं दिवाळीसारखंच. दिवाळीला शेजारच्या घरातून ताट येतं, आणि नाताळला आमच्याकडून ते भरून परत जातं. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम दोन्ही बाजू पाळतात. ज्या घरी त्या वर्षात कुणी प्रभूमध्ये झोपी गेलं असेल, तिथे मात्र कढई चढत नाही, दारावर चांदणी लागत नाही. त्या घरी फराळ बाहेरून येतो. मंडळीतल्या बायका नेतात, शेजारच्या हिंदू घरांतूनही येतो.

काही पाळकांना हे पटत नाही. ख्रिस्ती माणसाला पुनरुत्थानाची आशा आहे, मग हा दुखवटा कशाला, असं ते उपदेशात सांगतात. शास्त्र म्हणून त्यात चूक नाही. अडचण एवढीच, की जिचा नवरा गेलाय तिच्या तोंडून ती आशा आली तर साक्ष होते, आणि दुसऱ्याने तिला ऐकवली तर दरडावणी होते. योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय या बाबतीत मला फार धीराचा वाटतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी तो कबरेकडे जाताना रडला. घटकाभरात आनंदी शेवट होणार म्हणून त्याने लाजराच्या बहिणींना, मार्था-मरियेला, डोळे पुसायला सांगितलं नाही.

आनंद आणि शांती हे नाताळचे दोन ठरलेले शब्द. दुकानातल्या कार्डावर ते सोनेरी अक्षरांत असतात, त्यामुळे ते सुखी घरांसाठीच छापले असावेत असं वाटतं. कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळाचा तिसरा रविवार खास आनंदाचा मानतात. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं वापरायची मुभा असते. या रविवाराचं लॅटिन नाव आलं ते पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातून, जिथे तो आनंद करा, आनंद करा असं दोनदा बजावतो. पौलाने हे पत्र लिहिलं ते कैदेत असताना. सुटका होईल की मरण येईल, याचा त्यालाच पत्ता नव्हता. त्याच पत्रात बुद्धीपलीकडच्या शांतीविषयी लिहिताना त्याच्यापुढे रोषणाई नव्हती, पहारेकरी होते.

आणि नाताळच्या पाठोपाठ काय येतं ते बघा. २६ डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस, दगडमार होऊन मेलेल्या पहिल्या रक्तसाक्ष्याचा. २८ डिसेंबर बेथलेहेमच्या बाळांचा, हेरोदाने मारलेल्या. मत्तय तिथे राहेलीच्या आकांताची आठवण काढतो. लेकरांसाठी रडणारी, कुणाचं सांत्वन न घेणारी आई. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे दिवस फारसे कुणी पाळत नाही, आणि संडे स्कूलच्या नाटकात हेरोद आला तरी तो गालावर काजळाची मिशी काढलेला, लोकांना हसवणारा असतो. (ही भूमिका मिळवण्यासाठी मुलांत भांडणं होतात, देवदूतासाठी होत नाहीत.) पण ज्यांनी जुनी दिनदर्शिका बांधली त्यांनी गव्हाणीपासून तीन दिवसांच्या अंतरावर ती रडणारी आई बसवली. तिला ईस्टरपर्यंत थांबवलं नाही.

आमच्या मराठी मंडळ्यांना गाणी देणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरीही दुःख होतंच. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात एका घराची दोन घरं झाली. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्या ताटातुटीचं जे सांगितलंय ते विनोदासकट काळीज कापतं. टिळकांचे त्या काळातले नाताळ भरल्या घरातले नसणार, हा माझा कयास. पुढे त्यांनी भजनं लिहिली, कीर्तनं केली, साहेबी चालींच्या जागी टाळ-पेटीवर म्हणता येतील अशी गीतं मंडळीला दिली. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली त्यांची पदं अजून दुःखाच्या घरातही म्हणता येतात. विलायती कॅरलच्या भाषांतराचं तसं नाही. बर्फ आणि घंटा दुखवट्याच्या ओट्यावर अगदीच उपऱ्या वाटतात.

परदेशात काही चर्चांमध्ये २१ डिसेंबरच्या सुमाराला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, दुःखी माणसांसाठी वेगळी उपासना ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण ती इथे आणावी असं मला वाटत नाही. दुःखी माणसांना एका संध्याकाळी एका खोलीत जमवायचं आणि बाकीच्यांनी बिनघोर नाताळ करायचा, अशी ती वाटणी होईल. आपल्याकडे कॅरलची फेरी आहे, आणि ती घरी जाते.

परवा तरुण संघाच्या बैठकीत फेरीची यादी चालली होती. सेक्रेटरी मुलगा एका नावापाशी थांबला. "मावशी, त्यांच्याकडं यंदा दुःख आहे. त्यांना गाळू का? उगाच त्रास नको." मुलगा भला आहे, त्याला खरंच त्रास द्यायचा नव्हता. पण फेरी आपल्या दारावरून ढोलकी वाजवत पुढे गेली, शेजारच्या घरी थांबली, हे आतून ऐकण्याचा त्रास त्याने मोजला नव्हता. मी म्हटलं, "गाळू नको, बाळा. पहिलं तेच घर घे. अकरानंतर पोरं दमलेली असतात, गाण्यात जीव नसतो. आणि आज विचारून ये, येऊ का म्हणून. नको म्हणाल्या तर दारातूनच प्रार्थना करून यायचं."

मग बाकीचं ठरलं. ढोलकी त्या घरी गाडीतच राहील, पेटी आणि टाळ पुरे. सांताक्लॉज झालेला पोरगा टोपी काढून बसेल. त्याला गाडीत सोडायचं असं कुणीतरी सुचवलं, पण डिसेंबरात नगरची थंडी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. टिळकांचं एक पद, लूकचा दुसरा अध्याय, शिमोन येशूच्या आईला तिच्या जिवातून जाणाऱ्या तलवारीविषयी सांगतो तिथपर्यंत, तो भाग न गाळता. गेलेल्या माणसाचं नाव प्रार्थनेत घ्यायचं, कारण नाव टाळण्याने घरच्यांना विसर पडत नसतो. चहा त्यांनी ठेवला तर घ्यायचा, ठेवू नका म्हणत उभ्याने निघायचं नाही.

वर्गणीच्या पाकिटावर मात्र वाद झाला. खजिनदार म्हणाले, दर घरी देतो तसं द्यावं, नाहीतर त्यांना वेगळं वाटेल. सेक्रेटरी म्हणाला, द्यायचंच नाही. शेवटी ठरलं, पाकीट आपण काढायचं नाही. बाईंनी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. खजिनदारांचं अजून समाधान झालेलं नाही. ते म्हणतात, हिशेबात त्या घरासमोर काय लिहू?